माळ्यावरच्या ट्रंकेतली पितळी डबी: झाकणावर 'जपान' आणि एका मुलीचा चेहरा. काय असेल?

दाभोळखाडी

जाणकारांनी प्रकाश टाकावा म्हणून हा धागा काढतोय. खेड तालुक्यातल्या आमच्या गावच्या घरी, माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत ही पितळी डबी मिळाली. पट्टीने मोजली तर साधारण १३ सेंमी लांब, सव्वाआठ रुंद आणि तीनच्या आसपास उंच. झाकण बिजागरीचं. आमची चुलत आजी त्यात मशेरी ठेवायची, वास अजून गेलेला नाही.

झाकणावर उठावाचं काम आहे, पण वर्षानुवर्षं चिंच आणि राख लावून घासल्यामुळे बरंचसं सपाट झालंय. लागतं ते असं: मधोमध वर्तुळात एका तरुण बाईचा बाजूने दिसणारा चेहरा, भोवती पानांची माळ. चेहऱ्याच्या दोन्ही अंगांना एकेक अक्षर, बहुतेक इंग्रजी एम. वरच्या पट्टीत '...पेरियम ब्रि...' एवढंच वाचता येतं. एका कोपऱ्यात इंग्रजीत स्पष्ट 'जपान'. दुसऱ्या कोपऱ्यात 'माँटे...' आणि पुढचं पुसलंय. खालच्या बाजूला मधोमध कोणीतरी कडी-कोयंडा बसवायला धातू वितळवून भला मोठा डाग दिलाय, त्याखाली काय होतं ते कळायला मार्ग नाही.

घरात सांगतात की आजोबा दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात होते आणि मेलेल्या जपानी अधिकाऱ्याच्या खिशातून ही सिगारेटची डबी त्यांनी आणली. आत भोकाचे दोन पैसे होते, १९४३ चे. एम एम म्हणजे मिलिटरी मेडल, असं काकांचं ठाम मत. फोटो टाकलेत. उजेड बरा नव्हता, सांभाळून घ्या.

चहाटळ

रुमाल टाकून ठेवतो. मशेरीचा वास फोटोतूनही आला.

जपानी अधिकारी झाकणावर इंग्रजीत 'जपान' लिहिलेली डबी का बाळगेल पण? आपण काय खिशात 'भारत' लिहिलेला कंगवा ठेवतो का?

वाशिष्ठी

चेहरा व्हिक्टोरिया राणीचा वाटतोय. तरुणपणीचा. 'माँटे' म्हणजे माँटे कार्लो असेल तर डबी जुगाराच्या सोंगट्यांची. हा अंदाज अगदीच हवेतला आहे, कोणी मनावर घेऊ नये.

धातुकाम

आधी वस्तू बघू, गोष्ट नंतर. तिसऱ्या फोटोत झाकण उघडं आहे त्यात दिसतंय की झाकण दुहेरी पत्र्याचं आहे, बाहेरचा उठावाचा पत्रा वेगळा आणि आतला सपाट वेगळा. उठाव ठोकून काढलेला नाही, साच्यात दाबून काढलाय. म्हणजे कारखान्यातला माल, आणि तोही मोठ्या संख्येने निघालेला. खिशात ठेवायला मात्र ही जड आणि जाड आहे. एखाद्या अधिकाऱ्याने हौसेने करून घेतलेली वस्तू अशी नसते.

दाभोळखाडी, एक करा: लोहचुंबक लावून बघा. आणि कृपा करून ब्रासो लावू नका. उरलंसुरलं तेवढंही जाईल.

दाभोळखाडी

चुंबक चिकटत नाही. पत्रा चांगला जाड आहे, घासूनही कुठे आतला वेगळा रंग दिसत नाही. ब्रासो लावायला काकू निघालीच होती, थांबवलंय.

जुनाबाजार

उशिरा आलो, पण सोपं आहे. दर रविवारी जुन्या बाजारात फिरणाऱ्याला ही डबी वर्षाकाठी एकदा तरी दिसतेच.

हा चेहरा व्हिक्टोरियाचा नाही, राजकन्या मेरीचा आहे. पंचम जॉर्जची मुलगी. १९१४ मध्ये ती १७ वर्षांची होती. दोन एम तिच्याच नावाचे, मिलिटरी मेडलशी संबंध नाही (काकांना हळू सांगा). वरच्या पट्टीत 'इम्पेरियम ब्रिटानिकम', दोन्ही बाजूंना तलवार आणि म्यान. तुमच्या त्या डागाखाली जे दडलंय ते 'ख्रिसमस १९१४', आणि त्याच्या दोन्ही बाजूंना लाटा कापत येणाऱ्या युद्धनौकांची नाळ, म्हणजे पुढचं टोक. डागाच्या कडेला उजवीकडे तिरकी रेघ दिसतेय ना, ती नौकाच.

आता कोपरे. चार कोपऱ्यांत बेल्जियम, जपान, माँटेनिग्रो आणि सर्व्हिया, म्हणजे आजचा सर्बिया. फ्रान्स आणि रशिया डाव्या-उजव्या कडेला. ही सगळी इंग्रजांची दोस्त राष्ट्रं. 'जपान' या शब्दाने तुमच्या घरच्यांना दुसऱ्या महायुद्धाकडे नेलं, पण खरं तर त्याच शब्दावरून हे दुसरं महायुद्ध नाही हे ठरतं. पहिल्या महायुद्धात जपान इंग्रजांच्या बाजूने होता. १९४३ साली इंग्रजांच्या भेटवस्तूवर जपानचं नाव मित्र म्हणून कोण छापेल?

भोकाचे पैसे १९४३ ते १९४७ मध्ये निघाले, त्यामुळे ते डबीत मागाहून आले. मशेरीही मागाहूनच आली. डबीत शेवटी काय सापडलं यावरून डबीचं वय काढू नये. माझ्याकडच्या एकीत बटणं होती, प्लास्टिकची.

हकिगत अशी. १४ ऑक्टोबर १९१४ ला राजकन्येच्या नावाने वर्गणी सुरू झाली: आरमारातल्या प्रत्येक खलाशाला आणि आघाडीवरच्या प्रत्येक शिपायाला नाताळची भेट द्यायची. पैसे इतके जमले (एकूण १,६२,५९१ पौंड आणि वर काही शिलिंग) की यादी वाढत गेली आणि शेवटी ठरलं, १९१४ च्या नाताळच्या दिवशी जो कोणी राजाच्या गणवेशात होता त्या प्रत्येकाला डबी. त्या नाताळपर्यंत चार लाखांहून थोड्या जास्त पोचल्या. बाकीच्यांना पुढे कित्येक महिने, काहींना तर वर्षं लागली. पितळ मिळेना. अमेरिकेतून मागवलेला पितळी पत्रा मे १९१५ मध्ये लुसिटानिया जहाजाबरोबर समुद्राच्या तळाला गेला. फंड बंद झाला १९२० मध्ये, तोवर एकूण २५ लाखांवर डब्या गेल्या होत्या. मागाहूनच्या काही डब्या हलक्या धातूवर मुलामा दिलेल्या आहेत. तुमची भरीव पितळेची दिसते, म्हणजे सुरुवातीच्या मालातली असण्याची शक्यता जास्त. शक्यता म्हणतोय, खात्री नाही.

चहाटळ

दंडवत. म्हणजे आजोबांनी जपान्याकडून आणलेली डबी जपान्याच्या दोस्ताकडूनच आली होती.

वाशिष्ठी

जुगाराचा अंदाज मागे घेत नाही, तो मी केलाच नव्हता असं समजा. 😀

प्रश्न: डबीत काय असायचं? चॉकलेट?

जुनाबाजार

गोऱ्या शिपायाला पाइपची तंबाखू, २० सिगारेटी, एक पाइप, पेटवणी आणि राजकन्येचा फोटो व कार्ड. सिगारेट न ओढणाऱ्याला काडतुसाच्या पोकळ पुंगळीत बसवलेली पेन्सिल आणि लिहायचे कागद. हिंदी पलटणींसाठी यादी वेगळी होती, ती लेस्टरच्या ताई सांगतील. त्यांनी यावर मागे एका धाग्यात लिहिलं होतं.

लेस्टरची_सून

आलेच. हिंदी शिपायांच्या याद्या बघितल्या की इंग्रज कारकुनाने प्रत्येकाच्या जेवणाखाण्याचा किती हिशेब ठेवला होता ते कळतं. गुरख्यांना गोऱ्यांसारखंच. शिखांना तंबाखू नाही, त्याऐवजी डबीभर खडीसाखर, मसाल्याची छोटी टिनची डबी आणि कार्ड. बाकीच्या हिंदी शिपायांना सिगारेटचं एक पाकीट, खडीसाखर, मसाल्याची डबी, कार्ड. भिस्त्यांना फक्त मसाल्याची डबी आणि कार्ड.

मराठा शिपाई 'बाकीचे' मध्ये. म्हणजे दाभोळखाडी, तुमच्या डबीत मशेरीच्या आधी खडीसाखर होती. आजींनी तंबाखूची परंपरा पुढे नेली म्हणायची.

भिस्त्यांचं वाचून मला नेहमी राग येतो. गोळ्यांच्या माऱ्यात पखाल घेऊन खंदकांत पाणी पोचवणारा माणूस, आणि सिगारेटीच्या पाकिटातही त्याला वगळायचं.

रोखठोक

सगळे इतके भारावलेत म्हणून विचारतो. दुसऱ्याच्या युद्धात आपली माणसं मेली, आणि बदल्यात राजकन्येच्या तोंडाचा डबा? ही गुलामीची निशाणी आहे. मी असतो तर मोडीत घातली असती.

जुनाबाजार

मोडीत घालणारे होतेच, म्हणून तर आमच्यासारख्यांना मिळतात. 🙂

निवृत्तसॅपर

रोखठोक, तुमचा राग मला कळतो, पण तो शिपायावर काढू नका. तेव्हा पायदळाच्या शिपायाला महिना ११ रुपये मिळायचे. कोकणातल्या नाचणी-वरीच्या शेतीवर घर चालत नव्हतं म्हणून माणसं भरतीला उभी राहिली. राजकन्येच्या प्रेमापोटी कोणी गेलं नाही. डबी त्याने मागितली नव्हती, हातात आली तर घरी आणली. पितळेची चांगली डबी कोण टाकतो?

आता मुद्द्यावर. जुनाबाजार यांनी डबी ओळखली, पण डबी कोणाची हे अजून ठरलेलं नाही, आणि खरी गाठ तिथेच आहे. या डबीवर नाव नसतं, नंबर नसतो, पलटण नसते. एवढंच कळतं की २५ डिसेंबर १९१४ ला तुमच्या घरातलं कोणीतरी गणवेशात होतं. तो फ्रान्सात असेल, इराकात बसऱ्याला असेल, इजिप्तमध्ये असेल, नाहीतर पुण्यात छावणीत बसून असेल. डबी सगळ्यांना मिळाली, कोणाला लवकर, कोणाला उशिरा. 'पणजोबा फ्रान्सात लढले' असं नुसत्या डबीवरून कोणी सांगू लागलं तर विश्वास ठेवू नका.

आजोबांचा जन्म कधीचा? आणि त्या ट्रंकेत आणखी काय आहे? पदक, बिल्ला, कागद, पेन्शनचं पुस्तक, काहीही. पदकाच्या कडेवर किंवा पाठीवर कोरलेलं असतं ते आधी बघा.

दाभोळखाडी

सॅपरकाका, आजोबा १९१९ चे. म्हणजे त्यांचा प्रश्नच मिटला. मागे उरतात पणजोबा. ते 'लढाईला जाऊन आलेले' एवढंच माहीत आहे, कुठल्या ते कोणालाच सांगता येत नाही. आजोबा ब्रह्मदेशात होते हे मात्र खरं आहे, त्यांचे कागद आहेत. दोघांच्या गोष्टी एकत्र कालवल्या गेल्या असाव्यात.

ट्रंकेतलं बाकीचं काल पुन्हा उपसलं. फडक्यात बांधलेला एक काळा पडलेला तारा मिळाला. आम्ही तो घोड्याच्या साजावरचा समजत होतो. तीन टोकं खाली-बाजूला, वरच्या टोकाच्या जागी मुकुट आणि अडकवायची कडी. फीत नाही. मधून दोन तलवारी फुली मारून गेल्यात. मध्ये तीन छोट्या पट्ट्या: वर 'ऑग', मध्ये '१९१४', खाली 'नोव्ह'. मागे बारीक इंग्रजी अक्षरं. आधी नंबर, त्यातला एक आकडा लागत नाही. मग 'सॅपर', मग नाव. नाव पणजोबांचंच आहे, स्पेलिंग भयंकर आहे. शेवटी '३' आणि 'एस अँड एम'. नाव आणि नंबर इथे टाकत नाही, काकांची परवानगी घ्यायची आहे.

निवृत्तसॅपर

अहो, घबाड आहे हे! डबीपेक्षा कितीतरी मोठं.

हा १९१४ चा तारा. याच्याशी मिळताजुळता '१९१४-१५' चा तारा असतो. तो जास्त दिसतो, त्यावर मध्ये एकच पट्टी आणि 'ऑग-नोव्ह' नाही. तुमचा आहे तो फक्त त्यांना, जे ५ ऑगस्ट ते २२ नोव्हेंबर १९१४ या काळात फ्रान्स किंवा बेल्जियममध्ये कामगिरीवर होते. मेसोपोटेमिया (आजचा इराक), इजिप्त, पूर्व आफ्रिका, कोणालाच हा नाही. म्हणून मी म्हणत होतो, डबी गप्प बसते आणि तारा बोलतो.

'३, एस अँड एम' म्हणजे थर्ड सॅपर्स अँड मायनर्स. १९०३ नंतर बंगालचे पहिले, मद्रासचे दुसरे आणि मुंबईचे तिसरे असे क्रमांक होते. मुंबईचे म्हणजे आमची खडकी. आजची बॉम्बे इंजिनिअर ग्रुप. मराठे, शीख, मुसलमान असे सगळे कंपन्यांत एकत्र.

यांच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या लाहोर डिव्हिजनबरोबर फ्रान्सला गेल्या. डिव्हिजन सप्टेंबरअखेर मार्सेय बंदरात उतरायला लागली. महिन्याभरात, २८ ऑक्टोबर १९१४ ला, या दोन कंपन्यांना ४७ व्या शीख पलटणीबरोबर नव शापेल गावावर हल्ल्याला पाठवलं. लक्षात घ्या, हे सॅपर. पूल बांधायचे, सुरुंग लावायचे, खंदक खणायचे, हे त्यांचं काम. त्यांना त्या दिवशी पायदळासारखं संगीन लावून सोडलं. घराघरातून लढत गाव घेतलं, पण मागून कुमक आली नाही आणि गाव सोडून परतावं लागलं. दोन्ही कंपन्यांचे जवळजवळ सगळे गोरे अधिकारी मेले किंवा जखमी झाले. शिकवून तयार केलेले कारागीर शिपाई अर्ध्या दिवसात संपले, आणि त्यांच्या जागी दुसरे तयार करायला वेळच नव्हता. इथे खडकीत जुन्या लोकांकडून मी हे ऐकलंय ते अभिमानाने कमी आणि चिडून जास्त.

तुमचे पणजोबा त्या दिवशी त्या गावात होते असं मी म्हणत नाही. कंपनीचा नंबर ताऱ्यावर नसतो, आणि काही माणसं बदली म्हणून मागून गेली. पण २२ नोव्हेंबरच्या आत ते त्या मुलखात होते हे पक्कं. डिसेंबरात तिथेच असतील तर डबीही तिथेच, चिखलात, हातात पडली असेल.

धातुकाम

तारा ब्राँझचा असतो, काळा पडणं साहजिक आहे. घासू नका, मऊ कोरड्या फडक्याने पुसा फक्त. तो न लागणारा आकडा वाचायचा असेल तर अंधाऱ्या खोलीत टॉर्च आडवी धरा, पृष्ठभागाला जवळजवळ चिकटवून, आणि फोटो काढा. सावलीत खोदकाम उठून दिसतं. झाकणावरही हाच प्रयोग करा.

मोडीवाचक

एक शंका. नाव पणजोबांचंच आहे असं म्हणता, पण पलटणीत नाव आणि आडनाव एवढंच लिहायचे, वडिलांचं नाव बरेचदा नसायचं. आमच्या तालुक्यात एका वाडीत त्याच नावाचे चार निघतात. नंबर जुळल्याशिवाय मी तरी शिक्कामोर्तब करणार नाही. पेन्शनचा कागद असेल आणि मोडीत असेल तर फोटो पाठवा, वाचून देईन. पैसे नकोत, कोकम पाठवा.

निवृत्तसॅपर

मोडीवाचक, शंका रास्त आहे. पण ट्रंक घरातली, तारा घरातला, नाव घरातलं. शेजारच्या वाडीतल्या माणसाचा तारा यांच्या माळ्यावर का येईल?

मोडीवाचक

गहाण. सावकारी. भाऊबंदकी. कोकणात एकाची वस्तू दुसऱ्याच्या माळ्यावर जायला कारण लागत नाही, काका.

चहाटळ

+१. आमचा पाटा अजून शेजाऱ्यांकडे आहे.

लेस्टरची_सून

लाहोर डिव्हिजनचं नाव वाचून राहवलं नाही. नव शापेलला आता हिंदी सैनिकांचं मोठं स्मारक आहे, १९२७ मध्ये उघडलं. उंच खांब, गोल भिंत, आणि ज्यांना कबरच नाही अशा ४,७०० हून जास्त लोकांची नावं कोरलेली. मागे आम्ही गाडीने गेलो होतो. 'सॅपर्स अँड मायनर्स'च्या खाली मराठी आडनावं वाचत उभी राहिले, नवरा हाका मारत होता. पणजोबा परत आले, त्यामुळे ते तिथे नसणार, पण त्यांच्याबरोबरचे असतील. बसऱ्याच्या स्मारकावर मात्र हिंदी शिपायांची नावं दगडावर कोरलीच नाहीत, अधिकाऱ्यांची कोरली.

आणि जखमी झाले असतील तर इंग्लंडमधलं ब्रायटन. तिथल्या राजवाड्यात हिंदी जखमींचं इस्पितळ होतं, जाती-धर्माप्रमाणे नऊ वेगळी स्वयंपाकघरं, पाण्याचे नळही हिंदू-मुसलमानांचे वेगळे. फ्रान्समधून शिपायांनी घरी लिहिलेली पत्रं सेन्सॉर व्हायची. त्यांतल्या निवडक उताऱ्यांची इंग्रजी भाषांतरं ब्रिटिश लायब्ररीत आहेत. बहुतेक पंजाब्यांची आहेत, थोडी मराठीही. तुमच्या पणजोबांचं पत्र मिळेल अशी आशा लावत नाही, पण त्या डिसेंबरात तिथे काय चाललं होतं ते कळेल.

दाभोळखाडी

सगळ्यांचे मनापासून आभार. टॉर्चचा प्रयोग केला: न लागणारा आकडा ७ आहे, आणि झाकणाच्या डाव्या कडेला 'फ्रा' एवढं दिसलं! काकांनी सगळा धागा वाचला. मिलिटरी मेडलवरचा हक्क त्यांनी सोडलेला नाही, म्हणतात 'दुसरं कुठेतरी असेल'. तसं काकू म्हणाली की आणखी दोन गोल पदकं होती, त्यातलं चांदीचं तिच्या सासूबाईंनी १९७२ च्या दुष्काळात सोनाराकडे दिलं.

जुनाबाजार

चांदीचं गेलं हे अपेक्षितच. ते ब्रिटिश वॉर मेडल. चांदी म्हणून घरोघरची आधी तीच वितळली. कडेवर नंबर-नाव होतं. दुसरं व्हिक्टरी मेडल, पंखांची बाई असलेलं. ते वितळवून कोणाचा फायदा नव्हता, तेव्हा घरातच कुठेतरी असेल. मुलांच्या खेळण्यांत बघा, देवघरात बघा. पंखांमुळे देवी समजून पुजलेलं मी पाहिलंय.

नंबरासकट खडकीला एक पत्र टाका. आणि तो डाग काढायचा मोह होईल, काढू नका. तो कोयंडाही आता डबीचाच भाग आहे.

कृष्णाकाठ

नवीन सभासद आहे, धागा वाचून खातं उघडलं. आमच्याकडे कराडजवळच्या गावी एक जाड गोल तबकडी आहे, काशाच्या ताटलीएवढी. त्यावर हातात त्रिशूळ घेतलेली बाई, सिंह, पाण्यात मासे. चौकटीत चुलत पणजोबांचं पूर्ण नाव. गावी तिला 'त्रिशूळाची देवी' म्हणतात. हेसुद्धा नाताळचंच का?

निवृत्तसॅपर

नाही हो. व्यास मोजा, १२ सेंमी भरेल. कडेने इंग्रजीत लिहिलंय त्याचा अर्थ 'तो स्वातंत्र्य आणि सन्मान यांसाठी मेला' असा आहे. ती बाई ब्रिटानिया, मासे म्हणजे डॉल्फिन. पहिल्या महायुद्धात मेलेल्याच्या घरी ही तबकडी यायची. हुद्दा मुद्दाम लिहीत नसत, जनरल असो की शिपाई, नुसतं नाव. चुलत पणजोबा परत आले नाहीत, बरोबर?

कृष्णाकाठ

बरोबर. बसऱ्याला गेले एवढंच माहीत आहे. ११७ वी मराठा.

निवृत्तसॅपर

११७ वी म्हणजे मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात सापडलेली पलटण. याला स्वतंत्र धागा काढा. नावाचं इंग्रजी स्पेलिंग तबकडीवर आहे तस्संच लिहून ठेवा, कॉमनवेल्थच्या युद्धकबरींच्या यादीत तेच टाकून शोधायचंय. आज रात्री बसतो.